अक्कांची गाडी सरळ झाली तेव्हा

जळगावात एखादी नवीकोरी गाडी मोकळ्या रस्त्यावर उगाच डावी-उजवी होत चाललेली दिसली आणि चालवणारी पन्नाशीच्या आसपासची बाई असली, तर मी पुढच्या सिग्नलला तिच्या शेजारी माझी गाडी लावते, काच खाली करते आणि विचारते, "विमल अक्कांच्या का?"

ती आधी दचकते. मग हसते. मग विचारते, "तुम्ही पण?"

तोवर मागचे हॉर्न वाजवायला लागलेले असतात.

आम्ही पुष्कळ जणी आहोत. कुणी शिक्षिका, कुणी डॉक्टर, कुणी घरचं किराणा दुकान सांभाळणारी, एक तर चक्क तलाठी. सगळ्या विमल अक्कांकडे गाडी शिकलो आणि सगळ्यांच्या हातात तीच खोड राहिली. ती कशी लागली आणि कशी गेली, हे क्रमानं सांगते. आधी गाडी, मग अक्का. रीत म्हणून उलटं सांगायला हवं, पण अक्कांना गाडीशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं.

गाडी सायीच्या रंगाची, पाठीवर गोल, बनवणाऱ्यांनी कधीच बनवायची सोडून दिलेली. अक्कांचे यजमान, म्हणजे नाना, दीपनगरला वीज केंद्रात होते. त्यांनी ती हौसेनं जुनीच विकत घेतली, कॉलनीत आणून कडुलिंबाखाली उभी केली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की चालवायच्या नुसत्या विचारानंच आपल्याला घाम फुटतो. पुढं बरेच महिने गाडी कडुलिंबाखालीच होती. अक्का तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायच्या. पत्रा तापलेला, वर कावळ्यांसाठी काळी पिशवी बांधलेली, फार छान वाळायचे म्हणे. एक दिवस त्यांनी पापड गोळा केले, डबा भरला, हात धुतले, आत जाऊन बसल्या आणि गाडी चालू केली.

"कोणी शिकवलं तुम्हाला?" मी एकदा विचारलं होतं.

"कॉलनीच्या कुंपणानं," त्या म्हणाल्या. "जिथं धडकले तिथून परत फिरले."

त्यानंतर नाना आयुष्यभर त्यांच्या डाव्या बाजूला पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले आणि फार सुखात बसले. निवृत्त होऊन दोघं जळगावला आले. नाना गेल्यावर डावी जागा रिकामी झाली, ती अक्कांना सोसवेना. मग त्यांनी स्वतः डावीकडं सरकून उजवीकडं आम्हाला बसवायला सुरुवात केली. पाटी नाही, जाहिरात नाही. शिकाऊ लायसन आपलं आपण काढून आणायचं आणि सकाळी दारात उभं राहायचं. गाडीला मागं-पुढं लाल एल बांधलेला असायचा.

अक्का ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज मात्र मालधक्क्यावरच्या हमालाचा. साडीवरून नानांचा पांढरा फुल शर्ट घालायच्या, कफाचं बटण लावून. उन्हानं उजवा हात भाजतो म्हणून. डावीकडं बसायला लागल्यावरही शर्ट राहिला. "आता कुठं ऊन लागतं?" असं विचारलं तर म्हणायच्या, "आता शर्टाला माझी सवय झाली."

आता स्टेअरिंग. त्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं होतं, हे सांगणं म्हणजे जळगावात मे महिन्यात जरा गरम होतं असं सांगण्यासारखं आहे. ते अर्धं इकडं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. मग एकदम चाकांना कुणीतरी कळवल्यासारखी गाडी वळायची, आणि तोपर्यंत आपण घाबरून आणखी फिरवलेलं असायचं. म्हणून गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग सतत हलवत ठेवावं लागे. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, पाळण्याची दोरी ओढावी तसं. अक्कांनी याची पद्धतशीर शिकवणीच बनवली होती.

"हाक मार तिले," त्या म्हणायच्या. "आली का? नाही आली? अजून हाक मार. आली! आता लगेच दुसरीकडून हाक मार."

पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीप्रमाणं कागदावर क्रम लिहून नेला होता. क्लच, गिअर, आरसा, ब्रेक सोडणे. अक्कांनी तो हातात घेऊन चष्म्याखालून वाचला.

"ही यादी कोणाले वाचून दाखवशील? गाडीले?"

"मला लक्षात राहावं म्हणून."

"मग ठीक शे. मला वाटलं गाडी शिकलेली शे." आणि कागद घडी करून त्यांनी काचेच्या फटीत बसवला, काच खडखडायची म्हणून. तेव्हापासून माझं नाव यादीवाली पडलं. आजही भेटणाऱ्या बायका मला 'यादीवाली ना तुम्ही?' असंच विचारतात. माझं खरं नाव सुनंदा आहे, ते फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

अक्का कधी घाबरल्या नाहीत आणि त्यांनी कुणाला घाबरू दिलं नाही. समोरून ट्रक आला की आमचे खांदे कानाला लागायचे. अक्का शांतपणे म्हणायच्या, "खांदे खाली. त्याला पण घरी जायचं शे." उतारावर हात थरथरला तर म्हणायच्या, "कोणाला वारा घालतेस वं?" आणि कुणी रडकुंडीला येऊन "अक्का, मला नाही येणार," असं म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जिले ही गाडी उनी, तिले बठ्ठं उनं." ज्या बाईला ही गाडी आली तिला सगळंच आलं. हे त्या इतक्या खात्रीनं म्हणायच्या की बाई डोळे पुसून पुन्हा हाका मारायला लागे.

पण गंमत अशी, की ही गाडी आलेल्या बाईला दुसरी कुठलीच गाडी येत नसे. रेहानाचं उदाहरण घ्या. रेहाना शिवणकाम करायची, माझ्याच बॅचची. लायसनच्या परीक्षेला तिनं तिच्या दिराची नवी गाडी नेली. स्टेअरिंग बोटानं फिरणारं. रेहानानं बसल्याबरोबर हाका मारायला सुरुवात केली. गाडी लगेच डावीकडं, लगेच उजवीकडं. परीक्षा घेणारे साहेब आधी दरवाजाला आपटले, मग रेहानाच्या खांद्याला.

"बाई, गाडीत माशी आहे का?"

"नाही साहेब."

"मग कोणाला हाकलताय?"

"हाकलत नाही साहेब. बोलावतेय."

साहेबांनी तिला पास केलं, कारण रिव्हर्स तिनं इतका सुंदर घेतला की ते बघतच राहिले. पण खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं म्हणे, "शिकलात कुठं?" रेहानानं अभिमानानं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ह्या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या."

रेहानाचा नवरा युसूफभाई. अजिंठा चौफुलीपाशी त्याचं गॅरेज, आणि जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा नाही असं सगळ्यात आधी तोच सांगायचा. अक्कांची गाडी दुरून दिसली तरी तो कपाळाला हात लावायचा.

"अक्का, एकदा द्या ना माझ्याकडं. तुमच्या गाडीमुळं माझ्या घरात ही बिमारी आली. बायको शिलाई मशीनचं चाकपण डुलवते."

"चालते का मशीन?"

"चालते."

"मग?"

अक्कांचं म्हणणं असं, की ढिलं स्टेअरिंग ही खोट नव्हेच, तो गाडीचा स्वभाव आहे. आणि शिकवायला तर उत्तमच. दुरुस्तीचा विषय त्यांच्यासाठी तिथं संपे.

तो पुन्हा उघडला त्यांच्या मुलानं. मिलिंद धुळ्याला नोकरीला, बायको-मुलांसह तिथंच राहणारा. अतिशय सज्जन माणूस, पण आईच्या गाडीत बसला की त्याचे दोन्ही हात आपोआप डॅशबोर्डवर जायचे आणि उतरेपर्यंत तिथंच राहायचे. डॅशबोर्डवर त्याच्या बोटांचे डाग पडलेत असं अक्का म्हणायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर तो आला, आईबरोबर बाजारापर्यंत गेला, परत आला आणि चहा न घेताच म्हणाला, "आई, पुरे आता. मी भंगारवाल्याशी बोललोय. पुढच्या सोमवारी येऊन गाडी घेऊन जाईल."

मी तेव्हा तिथं चकलीचा सोऱ्या परत करायला गेले होते. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तसाच धरून बसल्या.

"तुला कुठं जायचं असलं की सांग. मी गाडी पाठवीन," मिलिंद म्हणाला. आवाज मऊच होता.

"पाठवलेल्या गाडीत बसणारी माणसं वेगळी असतात," अक्का म्हणाल्या.

मला ते कळलं. पारोळ्याच्या अलीकडं अक्कांचं माहेर. तिथल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला, दशक्रियेला अक्का स्वतः गाडी घेऊन जायच्या. गल्लीत कुणाचं दुखलं-खुपलं तर पहाटे अक्कांचं दार वाजायचं. त्या गाडीमुळं अक्का जाणाऱ्या होत्या. ती गेली असती तर त्या नेल्या जाणाऱ्या झाल्या असत्या, आणि एवढ्यासाठी त्या पोटच्या पोराशी भांडायलाही तयार होत्या. पण मिलिंदचीही चूक नव्हती. त्याला खरोखर रात्री झोप लागत नव्हती, हे त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

"असं कर," अक्का शेवटी म्हणाल्या. "रविवारी तू ये. तुला मी इथून धुळ्याला सोडते. माझ्या गाडीत, मी चालवत. रस्त्यात तू एकदा जरी डॅशबोर्ड धरला, तर किल्ली तुझी. तिथल्या तिथं."

"आणि नाही धरला तर?"

"तर भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठव."

मिलिंद हसला. बिचाऱ्याला वाटलं असणार, वाटेतलं एरंडोलसुद्धा यायचं नाही, त्याआधीच किल्ली मिळेल.

तो गेल्यावर अक्का माझ्याकडं वळल्या. "यादीवाली, लिही. गाडी सरळ करायची."

मी लिहिलं, 'युसूफभाईला फोन.' पण अक्कांनी त्याआधी स्वतःच एक प्रयत्न करून टाकला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक डबी असते, तिच्यावर एक स्क्रू असतो, तो आवळला की ढिलेपणा जातो. अक्का म्हणजे वीज केंद्रातल्या माणसाची बायको, पाने-पेचकस घरात होतेच. त्यांनी स्क्रू आवळला. मनापासून आवळला. आणि गाडी घेऊन निघाल्या.

पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण मी आकाशवाणी चौकात भाजी घेत होते. अक्का वळणाला आल्या, स्टेअरिंग वळवलं आणि ते वळलेलंच राहिलं. एरवी हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायचं, आता ते आवळून बसलं होतं. अक्का चौकाला गोल गेल्या. पुन्हा आल्या. पुन्हा गेल्या. पुढच्या फेरीला त्यांनी मला पाहिलं आणि खिडकीतून ओरडल्या, "थांब वं, येते!" आणि पुढं गेल्या. चौकातल्या पोलिसानं आधी शिट्टी वाजवली, मग शिट्टी तोंडातून काढून बघत राहिला, मग त्यानं चक्क हात करून बाकीची वाहनं अडवली, कुणा मोठ्या माणसाच्या ताफ्यासाठी अडवावीत तशी. शेवटी अक्कांनी ब्रेक दाबला, उतरल्या, मोकळ्या बाजूला उभ्या राहून गाडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्यात जोर नव्हता तेव्हा बरी होती."

त्याच दुपारी गाडी युसूफभाईकडं गेली. रेहाना, मी आणि आणखी काही जणी चालत मागोमाग. लग्नघरी जावं असा उत्साह.

युसूफभाईनं पहिलं काम केलं ते स्क्रू पुन्हा सैल करण्याचं. "अक्का, हा शेवटी बघायचा. आधी कोण झिजलंय ते शोधायचं. सासऱ्याच्या पायाला लागलं म्हणून जावयाला पट्टी नाही बांधत." मग पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला. "कोणीतरी वर बसा. इंजिन चालू नका करू. स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करत राहा. मी खाली हात लावून बघतो, कुठल्या जोडात ढिलाई आहे."

रेहाना बसली. तिनं हलवायला सुरुवात केली.  मग युसूफभाई म्हणाला, "वर कोण आहे?"

"मी," रेहाना म्हणाली.

"अरे वा! इतकी वर्षं झाली, माझ्या कारागिरांना हे जमलं नाही. कोणी झटका देतो, कोणी झोपतो. तू उद्यापासून येत जा गॅरेजला."

"पगार आधी सांगा."

अक्कांची छाती फुगली. "कोणी शिकवलं तिला? म्हणे बिमारी!"

मग त्यांना स्वतःला बघायचं होतं. नानांच्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्या सत्तरीच्या बाई पोत्यावर आडव्या झाल्या आणि गाडीखाली गेल्या. आम्हाला फक्त दोन पावलं दिसत होती. खालून युसूफभाई समजावत होता. चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक गोळी असते, वाटीत बसवलेली, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी. तिच्यावर रबराची टोपी असते. टोपी फाटली की आतलं ग्रीस वाळतं, धूळ शिरते, गोळी झिजते आणि वाटीत खुळखुळायला लागते.

"इथं बोट ठेवा. लागतंय?"

"ओ माय! हा तर माझा गुडघा शे!" खालून आवाज आला. "डॉक्टर पण असंच बोट ठेवतो. आणि दुसरीकडं?"

"दुसरीकडं दुसरा गुडघा."

दोन्ही टोकं गेली होती. मधल्या दांड्याला आधार देणाऱ्या आर्मच्या आतला रबरी बुश तर उरलाच नव्हता, त्याच्या जागी नुसती भुकटी होती. डबी मात्र ठणठणीत निघाली. म्हणजे अक्कांनी जिला आवळलं होतं, ती एकटीच निर्दोष होती.

सुटे भाग जळगावात मिळेनात. आमच्यातल्या एकीचा भाऊ धुळ्याला आग्रा रोडवर जुन्या गाड्यांचं सामान विकायचा. त्यानं शोधले, कापडी पिशवीत घातले आणि इकडं येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं दिले, घरून पार्सल पाठवतात तसे. पिशवी घ्यायला आम्ही स्टँडवर गेलो, तर कंडक्टरच्या पायाशी दोन सारख्या पिशव्या. त्यानं एक दिली. गॅरेजमध्ये उघडली तर आत भरताची हिरवी वांगी. युसूफभाईनं एक वांगं उचलून गाडीखाली धरून पाहिलं आणि म्हणाला, "बसेल. पण ग्रीसऐवजी तेल-मिरची लागेल." आम्ही रिक्षानं पाठलाग करून भुसावळच्या वाटेवर एसटी गाठली तेव्हा एक आजोबा कंडक्टरला विचारत होते, "ही कुठल्या वाणाची वांगी रे भाऊ? एवढी जड?"

जुनी टोकं हातोडीच्या ठोक्यांनी सुटली. ती फिरवून काढताना आटे मोजायचे असतात, म्हणजे नवीन तितकीच आत बसवता येतात. मोजायचं काम अर्थातच माझ्याकडं. मी मोठ्यानं मोजत होते, सगळ्या माझ्यामागं मोजत होत्या, एकदम शाळेच्या पाढ्यांसारखं. मध्येच अक्कांनी विचारलं, "चहा कोणाकोणाला?" आणि सगळ्यांनी आकडे सोडून हात वर केले. युसूफभाई खालून म्हणाला, "जाऊ द्या. शेवटी चाकं मापून सरळ करायचीच आहेत." टोकं बसली, बुश बसला, नट आवळून त्यात पिना घातल्या, ग्रीस भरलं, चाकं मापून झाली. युसूफभाईनं चौकात एक चक्कर मारली. बोटाच्या टोकानं. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग अक्का बसल्या.

युसूफभाई डावीकडं बसला. गाडी निघाली आणि पहिल्याच खांबापाशी डावीकडं गेली, मग उजवीकडं, मग पानटपरीकडं, मग पानटपरीपासून दूर. टपरीवाला स्टूल घेऊन आत शिरला. रस्ता तोच, गाडी तीच, बाई तीच. पण आता अक्कांनी हलकीशी हाक मारली की गाडी धावत येत होती.

"अक्का, हलवू नका!"

"मी नाही हलवत! हात हलतात!"

"हातांना सांगा!"

परत आले तेव्हा युसूफभाईचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. बरोबर मिलिंदच्या डागांवर.

 गाडी सरळ झाली होती आणि त्यामुळंच आता वाकडी चालत होती. युसूफभाई हळूच म्हणाला, "बोला अक्का. जुने परत टाकू? भंगारात पडलेत, धुवून देतो."

अक्कांनी जुन्या टोकांकडं पाहिलं. हातात घेऊन खुळखुळ्यासारखी वाजवली. खरंच मोह झाला असावा, कारण जुन्या टोकांवर त्या रस्त्यावरून सरळ गेल्या असत्या. पण मिलिंदला ते सरळ कधी वाटलं नव्हतं. त्याला दिसायचे ते फक्त आईचे हात, न थांबता हलणारे. त्यांनी टोकं खाली ठेवली, मागं गेल्या, डिकी उघडली आणि लाल एल काढून स्वतःच्या गाडीला स्वतःसाठी बांधला.

"उद्यापासून सकाळी मेहरूण तलावावर," त्या म्हणाल्या. "कोणी यायचं नाही."

आम्ही गॅरेजातल्या सगळ्याच गेलो.

सकाळी तलावाच्या रस्त्यावर फिरायला येणारी मंडळी थबकून बघायची. सायीच्या रंगाची गाडी, एल लावलेला, आत एकटी म्हातारी आणि उघड्या खिडकीतून येणारा तो दणदणीत आवाज, "विमल! खांदे खाली! विमल, कोणाला वारा घालतेस? हात गाडीवर ठेव, गाडीच्या मागं नको लागू!" अक्का स्वतःलाच शिकवत होत्या. आम्हाला होती तितकीच सक्ती, तितकीच बोलणी. एका वळणावर तर त्यांनी गाडी थांबवली, उतरल्या, डाव्या सीटवर जाऊन बसल्या, रिकाम्या उजव्या सीटकडं बघून काहीतरी खरमरीत बोलल्या आणि परत उजवीकडं येऊन बसल्या.

आम्ही कठड्यावर ओळीनं बसून इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करत होतो. गाडी समोरून गेली की रेहाना ओरडायची, "अक्का, त्याला पण घरी जायचं शे!" आणि आम्ही सगळ्या मिळून, "जिले ही गाडी उनी...!" अक्का खिडकीतून मूठ दाखवायच्या. मूठ दाखवायला एक हात सुटला की गाडी एकदम सरळ जायची. तिथंच त्यांना गुरुकिल्ली सापडली. दोन हात एकमेकांशी बोलत बसतात, म्हणून गाडी डुलते. मग त्या एक हात मांडीवर ठेवून चालवायला लागल्या, मग दोन बोटांनी, आणि शनिवारी दोन्ही हातांनी सरळ. त्या नादात आमचीही खोड सुटत गेली. पुढं दर फेरीला त्या एकेकीला आत घेऊन चालवायला द्यायच्या. ज्या त्या आठवड्यात आल्या नाहीत, त्या अजून सिग्नलला भेटतात.

अक्का आता नाहीत. त्या रविवारनंतर बरीच वर्षं गाडी चालवून, गाडी युसूफभाईला देऊन, मग गेल्या. आजारपण मी पाहिलं, पण माझ्या डोळ्यासमोर त्या आजारी येत नाहीत. मला त्या रविवारच्याच दिसतात.

मिलिंद पुढं डावीकडं बसला. मी मागं, पंच म्हणून, मांडीवर डबा. मिलिंदनं बसल्याबसल्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. प्रामाणिक माणूस. गाडी निघाली. पाळधी मागं पडलं. एरंडोलच्या अलीकडं कापसानं भरलेली ट्रॉली पुढं आली, रस्ताभर पसरलेली, समोरून बस. मी डबा घट्ट धरला. अक्कांचा डावा खांदा वर चढायला लागला, हात हलायच्या बेतात आला.

"विमल," अक्का पुटपुटल्या.

खांदा खाली आला. गाडी ट्रॉलीच्या शेजारून रेघ मारल्यासारखी पुढं निघाली.

"कोणाशी बोललीस?" मिलिंदनं विचारलं.

"एक विद्यार्थिनी शे माझी. जरा मठ्ठ शे."

मिलिंदनं एकदा आईच्या हातांकडं पाहिलं. ते हलत नव्हते. मग तो रस्त्याकडं बघायला लागला. मग शेतांकडं. एरंडोल गेल्यावर त्यानं एक हात मांडीखालून काढून काच खाली केली. पुढं थोड्या वेळानं दुसरा काढून मान खाजवली. पारोळ्याचा किल्ला मागं पडला, आणि मी त्याला काहीतरी विचारलं तर उत्तरच आलं नाही. वाकून बघितलं. मान सीटवर कलंडलेली, तोंड अर्धवट उघडं, तळहात मांडीवर उताणे. मिलिंद गाढ झोपला होता.

"अक्का," मी कुजबुजले, "जिंकलात!"

"हळू," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "किती दिवसांनी झोपलाय बघ."

धुळे आलं. मी वेळा लिहून ठेवल्या होत्या, सूनबाई जेवायला थांबल्या होत्या, वळायचा रस्ता समोर दिसत होता. अक्का वळल्या नाहीत.

"अक्का, धुळे!"

"माहीत शे. गाडी थांबली की तो जागा होतो. लहानपणापासून."

सिग्नल लाल होता. त्यांनी इतक्या लांबून, इतक्या हळू गाडी सरकवत आणली की पोहोचेपर्यंत तो हिरवा झाला. न थांबता आम्ही धुळ्यातून बाहेर पडलो आणि हायवेनं उत्तरेला निघालो. मी सूनबाईंना निरोप टाकला की जेवून घ्या. कारण काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, 'रस्ता फार चांगला आहे.'

नरडाण्यापाशी एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला. मिलिंद दचकून उठला, डोळे चोळले.

"धुळे आलं?"

"येऊन गेलं," अक्का म्हणाल्या.

त्यानं बाहेर पाहिलं, पाट्या वाचल्या, आईकडं पाहिलं आणि हसत सुटला, इतका की अक्कांना शेवटी गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. तो खाली उतरला. मला वाटलं, आता परत फिरायचं म्हणेल. त्यानं मागचं दार उघडलं.

"ताई, तुम्ही पुढं बसता का? मला जरा पाय पसरायचेत."

मी पुढं आले. तो मागं आडवा झाला, गुडघे मुडपून, डोळ्यांवर हात घेऊन. अक्कांनी आरसा जरा खाली वाकवून त्याला बघितलं, शर्टाच्या कफाचं बटण लावलं आणि गाडी काढली. धुळ्याकडं नाही, शिरपूरच्या दिशेनं.

"आता कुठं?" मी विचारलं.

"त्याची झोप होऊ दे," अक्का म्हणाल्या, आणि गाडी सरळ निघाली.